सात खुंट

बेडूक मोजायचे तर रात्रीच जावं लागतं. ते दिवसा दिसत नाहीत आणि रात्रीही दिसत नाहीत, पण रात्री निदान ऐकू येतात. कान देऊन उभं राहायचं आणि आवाज मोजायचे. म्हणून त्या शुक्रवारी राखीवाच्या फाटकाजवळच्या खोलीत चौघं जण अकरा वाजायची वाट बघत बसले होते.

राखीव म्हणजे पायी फिरणाऱ्यांसाठी जपलेली जागा. आधी रान, मग खुरट्या झुडपांचा उघडा माळ, मग पाणथळ, आणि तिथून परत फाटकाशी, असा साडेसहा किलोमीटरचा फेरा. दिवसभर माणसं दुर्बिणी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन हिंडतात. सहाला फाटक लागतं, आणि मग जागा ज्यांची त्यांच्याकडे परत जाते.

चौघांपैकी तिघं तरुण होते, हौसेने काम करायला आलेले. एक चष्मेवाली, जी लांब कुठेतरी शिकून आली होती आणि शेवाळाबद्दल बोलायला लागली की तिचा चहा थंड व्हायचा. एक नर्स, रात्रपाळीची सवय असलेली. आणि एक लंबू. चौथे सुतारकाका. राखीवातला प्रत्येक बाक, प्रत्येक पाटी आणि प्रत्येक खुंट त्यांच्या हातचा. लंबू आला तेव्हाच त्यांनी त्याला ऐकवलं होतं, "दारं मी माणसांच्या मापाने केलीत बाबा. डोकं तुझं तू सांभाळ."

चहा झाल्यावर लंबूने विचारलं, "काका, सकाळच्या शिकवणीत त्या माणसाचं सांगितलं ना, वाट सोडून गेला तो. तो इथेच बुडाला?"

"इथेच."

"मग रात्री तोही येत असेल. बेडकांबरोबर त्यालाही मोजायचं का?"

नर्स हसली. सुतारकाका हसले नाहीत.

"काय सांगितलं सकाळी? नेमकं सांग."

"हेच, की एक कर्मचारी धुक्यात खुणेची वाट सोडून गेला, निष्काळजीपणाने. म्हणून आपण सोडायची नाही."

"निष्काळजीपणाने," काका म्हणाले. त्यांनी कंदिलाची वात जरा कमी केली. वीज होती, पण बेडकांसाठी दिवे बंद ठेवायचे होते. "त्याचा थोरला भाऊ माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्याने मला जसं सांगितलं तसं सांगतो. माझी भर एका शब्दाची नाही. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

कुणी हसलं नाही. काका सांगू लागले.

*

थोरल्याला त्या दिवशी एक साधं काम सांगितलं होतं. खुंट उपटायचं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची चौदा तारीख, सोमवार. दुपारी साडेचारला साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी सातला यंत्रं येणार, पाणथळावरून उंच लाकडी पूल न्यायचा होता. त्याआधी जुने अठराच्या अठरा खुंट निघायला हवेत, नाहीतर यंत्रवाले त्या खुणांवर भरवसा ठेवून आत शिरतील आणि यंत्रासकट बसतील.

"पहाटे उपटले तर चालतील?" थोरल्याने विचारलं.

"पहाटे धुकं असतं. आज दहाला चंद्र आहे. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तर तिथे जन्म गेला."

साहेब नवीन होते. तिथे कुणाचं काय गेलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

थोरल्याने गुडघ्याला पट्टा बांधला. पहार घेतली, बॅटरी घेतली. आणि साडेसहापासून नऊपर्यंत याच खोलीत, याच बाकावर नुसता बसून राहिला. अंधार पडल्यावर तो पाणथळात गेला नव्हता, त्याला नऊ वर्षं झाली होती. दिवसाही तो माळाकडचं काम मागून घ्यायचा. लोक म्हणायचे, भाऊ गेला ना तिथे, मन धजत नसेल. लोकांना अर्धंच माहीत होतं.

उरलेलं अर्धं असं.

खुंट दिसायला साधे. छातीएवढे उंच, वर लाल पट्टा, पट्ट्याखाली कोरलेला आकडा. फाटकापाशी एक नंबर, माळाच्या कडेला अठरा, मधे वीस-वीस पावलं. पण ते कायम एका जागी नसतात. पाणथळाची जमीन झोपलेल्या माणसासारखी कूस बदलते. गेल्या वर्षी जिथे पाय टिकला, तिथे यंदा माणूस कमरेपर्यंत जातो. म्हणून वर्षातून दोनदा काठीने जमीन चाचपत, घट्ट जागा शोधत खुंट सरकवावे लागतात. आणि या कामाचा एक नियम आहे. ज्याने हात घातला, त्याने त्याच दिवशी संपवायचं. अर्धी वाट नवी आणि अर्धी जुनी ठेवायची नाही. कारण एका खुंटापाशी उभा असलेला माणूस पुढचा लाल पट्टा शोधतो आणि सरळ त्याच्याकडे चालू लागतो. मधे काय आहे ते तो बघत नाही. खुंट आहे ना, मग वाट आहे. अगदीच सोडावं लागलं, तर फाटकापाशी आडवी दोरी बांधायची. म्हणजे सगळ्यांना कळतं, आज इथून नाही.

दोघं भाऊ राखीवातच कामाला होते. वाटा राखायच्या, खुंट बघायचे, संध्याकाळी वहीत नावं ताडून बघायची, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं. थोरला मोजकं बोलणारा. धाकटा म्हणजे रेडिओ. फिरायला आलेल्या माणसांना तो टिटवीचा आवाज काढून दाखवायचा, आणि खरी टिटवी उत्तर द्यायची तेव्हा म्हणायचा, "बघा, माझी मेहुणी."

त्या सोमवारच्या नऊ वर्षं आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, एका बुधवारी, खुंट सरकवायची पाळी थोरल्याची होती. त्याने अठरापासून सुरुवात केली. सतरा, सोळा, पंधरा, असं करत आठपर्यंत आला. अकरा झाले, सात राहिले. पाच वाजले होते. गुडघा ठणकत होता, धुकं उतरू लागलं होतं. आठवड्याच्या मधला वार, या वेळी कोण येतंय. उरलेले सकाळी करू, असं त्याने ठरवलं. दोरी या खोलीत खुंटीला होती. इथून पहिल्या खुंटापर्यंत चाळीस पावलं. तेवढी जायची आणि तेवढी यायची, त्याच्या जिवावर आलं.

खोलीत धाकटा चहा ओतत होता. रात्री आठपर्यंत त्याची पाळी होती.

"दादा, झाले का खुंट?"

"झाले."

"गुडघा काय म्हणतो?"

"पाऊस म्हणतो."

"तुझा गुडघा आणि हवामान खातं, दोघांपैकी एकाचं तरी एकदा खरं होऊ दे रे."

थोरला चहा पिऊन घरी गेला. भावाभावांचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

सव्वासातला धाकट्याने वही ताडली. एका म्हाताऱ्या संगीतमास्तरांच्या नावापुढे परतल्याची खूण नव्हती. मास्तर रानाच्या बाजूच्या छोट्या फाटकातून केव्हाच बाहेर पडले होते आणि घरी बसून जेवत होते, हे नंतर कळलं. धाकट्याला वाटलं, म्हातारा माणूस माळावर चुकला असेल. माळावर जायची जवळची वाट पाणथळातून. खुंट आजच सरकवलेत, दादाने सरकवलेत. बॅटरी घेतली आणि तो निघाला.

नऊला धाकट्याची बायको थोरल्याच्या दारात उभी राहिली. "दादा, हे अजून आले नाहीत. फोन लागत नाही."

थोरला उठला. तिला म्हणाला, गल्लीतली माणसं गोळा कर. आणि स्वतः धावत सुटला. गुडघा आहे हे त्याला त्या रात्री आठवलंही नाही.

सातव्या खुंटाच्या पुढे, आठच्या सरळ रेषेत, चिखलात बॅटरी जळत होती. अर्धी रुतलेली, उजेड वर धुक्यात गेलेला. बाकी काही नव्हतं. चिखल वरून सपाट होता, कुणी हात फिरवून सारखा केल्यासारखा.

माणसं यायला पाऊण तास लागला. पाऊण तास थोरल्याच्या हातात होता. आणि त्या पाऊण तासात त्याने राहिलेले सात खुंट उपटले, जमीन चाचपली, आणि एकेक करून बरोबर जागी ठोकले.

माणसं आली तेव्हा अठराच्या अठरा खुंट ओळीत उभे होते. बॅटरी आता वाटेपासून तीस पावलं दूर होती. तीन दिवस शोधलं. मिळालं काहीच नाही. कागदावर लिहिलं गेलं की कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे खुणेची वाट सोडली. खाली साक्षीदार म्हणून थोरल्याची सही.

तेव्हापासून धाकटा उदाहरण झाला. दर वर्षी नवी माणसं आली की त्यांना सांगतात, बघा, वाट सोडली की असं होतं.

आई दोन वर्षांनी गेली. जाताना म्हणाली, "धाकटा पहिल्यापासून धांदरट. पण तू तरी लक्ष ठेवायचं होतंस रे." थोरला तिचे पाय चेपत होता. तो चेपत राहिला.

आणि धाकट्याची बायको. तिला समजवायला लोक यायचे. म्हणायचे, इतकी वर्षं त्याच वाटेवर चाललेला माणूस चुकतो कसा, काही घेतलं-बितलं तर नव्हतं ना त्या दिवशी? ती आधी भांडली. मग गप्प झाली. मग तिलाही तसंच वाटू लागलं. शाळेचे गणवेश शिवायची ती, दिवसभर मशीनवर असायची, आणि शिवता शिवता नवऱ्यावर रागवायची. असा कसा गेलास, नीट बघून का नाही चाललास. गेलेल्या माणसावर रागावणं हे फार एकट्याचं काम असतं.

हे सगळं थोरला रोज बघत होता. समोरच्याच गल्लीत घर.

*

"एवढं माहीत असूनही त्याने नऊ वर्षं..." लंबू बोलायला लागला आणि थांबला.

"एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट कठीण होतं," काका म्हणाले. "नऊ वर्षांचा हिशोब तूच कर."

बाहेर बेडकांनी सूर धरला होता. चष्मेवालीने घड्याळ बघितलं नाही.

*

तर, सोमवार. नऊ वाजून दहा मिनिटांनी थोरला फाटकातून पाणथळात शिरला.

आज जसे आवाज येताहेत, तसेच येत होते. पाणकणसांत वारा नव्हता. तो खुंटाखुंटाने आत गेला. एक, दोन, तीन. सातपाशी त्याने बॅटरी खाली धरली, पायांवर, आणि आठपर्यंतची वीस पावलं तशीच मान खाली घालून काढली. काही झालं नाही. तो अठरापर्यंत पोचला. समोर माळ होता, काळी खुरटी झुडपं, वर मोकळं आभाळ. तिथे उभं राहून त्याने विडी ओढली. मग वळला.

खुंट उपटतात ते आतून फाटकाकडे. म्हणजे पुढे नेहमी वाट असते आणि मागे काही उरत नाही.

अठरा नंबर त्याने पहारीने सैल केला आणि ओढला. चिखलाने तो सोडला तेव्हा आवाज आला. ओला, चोखल्यासारखा. च्यक्. त्याने खुंट आडवा टाकला.

मागे तसाच आवाज आला.

च्यक्.

त्याला वाटलं, खड्ड्यात पाणी भरलं असेल. तो सतरापाशी आला. ओढला. आवाज आला. आडवा टाकला. आणि मागे, अठरा जिथे होता तिथे, पुन्हा एकदा. चिखलातून पाय काढल्यासारखा.

त्याने बॅटरी मागे मारली. धुकं नव्हतं. लांबवर सगळं स्वच्छ दिसत होतं. लव्हाळे, पाणी, आडवा पडलेला खुंट.

सोळा. पंधरा. प्रत्येक खुंटामागे एक पाऊल. तो थांबला की ते थांबायचं. तो घाई करायचा, तेव्हा ते घाई करायचं नाही. जे चालत होतं, ते त्याच्याच मापाने चालत होतं. दोघांनी वीस वर्षं मागेपुढे असंच काम केलं होतं. थोरला पुढे, धाकटा मागे.

तेराव्या खुंटापाशी त्याच्या लक्षात आलं की बेडूक थांबलेत.

सगळे. एकदम.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

...

बारा. अकरा. आता तो मागे बघत नव्हता. हातांना घाम आला होता, पहार निसटत होती. दहा. नऊ. चंद्र वर आला. पाणी पांढरं झालं.

आठ.

त्याने आठ नंबर ओढला, आणि कान मागे लावले.

मागे काही नाही.

तो वाट बघत राहिला. काही नाही. त्याने श्वास सोडला. आणि पुढे, सातच्या दिशेने पाऊल टाकणार...

आवाज पुढून आला.

आठ आणि सातच्या मधून. वाटेपासून बाजूला. कुणीतरी पाय उचलायचा प्रयत्न करत होतं. पाय निघत नव्हता. पुन्हा उचलत होतं. निघत नव्हता. घाई नव्हती त्यात. ओरडणं नव्हतं. नुसतं उचलणं. पुन्हा. पुन्हा. नऊ वर्षं चाललं असावं तसं.

बॅटरी त्याने तिकडे वळवली नाही. त्याला वळवता आली नाही.

मग आवाज थांबला.

आणि धाकट्याने विचारलं.

"दादा, झाले का खुंट?"

तोच आवाज. चहा ओतता ओतता विचारल्यासारखा. रडवेला नाही, रागाचा नाही. विचारायचं म्हणून विचारलेला.

थोरल्याच्या तोंडात तोच शब्द आला. तयार होता. नऊ वर्षं जिभेवर तोच होता. साहेबांसमोर, आईसमोर, प्रत्येकासमोर तोच. झाले.

त्याने ओठ घट्ट मिटले.

...

"दादा?"

...

"झाले का रे खुंट?"

थोरला खाली बसला. गुडघा चिखलात गेला. पहार हातातून सुटली.

"नाही," तो म्हणाला. "सात राहिलेत."

पाणथळावर काही हललं नाही. चंद्र तसाच. पाणी तसंच. बऱ्याच वेळाने, अगदी साध्या आवाजात, धाकटा म्हणाला,

"बरं. मग थांबतो मी."

*

सुतारकाका इथे थांबले.  नर्सने हात तोंडावर ठेवला होता.

"तेवढंच म्हणाला असता तो," काका म्हणाले. "त्या दिवशी. खरं सांगितलं असतं तर. बरं म्हणाला असता, थांबतो म्हणाला असता, आणि दुसरा चहा ठेवला असता."

*

थोरला किती वेळ तिथे बसला, ते त्याला सांगता येत नाही. तो बोलत होता एवढं त्याला आठवतं. दोरीचं सांगितलं. चाळीस पावलांचं सांगितलं. पाऊण तासाचं सांगितलं. आई काय म्हणाली ते सांगितलं. सही केली ते सांगितलं. कुणी उत्तर दिलं नाही. पण कुणीतरी ऐकत असलं की कळतं माणसाला.

मग बेडूक सुरू झाले. आधी एक. मग लांबवर दुसरा. मग सगळे.

त्याने उठून उरलेले सात खुंट उपटले. घाई न करता, नियमाप्रमाणे, आतून बाहेर. मागे पाऊल वाजलं नाही. पुढेही नाही. एक नंबर काढून आडवा टाकला तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती.

घरी तो गेला नाही. रस्त्यावरून हिंडत राहिला. मुख्य रस्ता, बंद दुकानं, बसथांबा, पुन्हा मुख्य रस्ता. दूधवाल्याने त्याला दोनदा बघितलं, आणि दुसऱ्यांदा विचारलंही, "काय हो, चुकलात का?" पावणेपाचला तो धाकट्याच्या घरासमोर उभा राहिला. पायऱ्या चढला. कडी वाजवायच्या आधीच आत दिवा लागला आणि दार अर्धं उघडलं.

ती जागीच होती. खांद्यावर माप घ्यायची फीत, रात्रीच्या कामातली तशीच राहिलेली.

"दादा? एवढ्या पहाटे?"

बसा म्हणाली ती, आत या म्हणाली. तो आत गेला नाही. तिथेच, अर्ध्या दारासमोर, अंधारात उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. पाणथळात रात्री काय ऐकलं, ते सोडून. त्या आधीचं सगळं.

तिने मधे एकदाही त्याला अडवलं नाही. तो थांबल्यावर तिने एकच विचारलं.

"आधी हाक मारलीत, की आधी खुंट?"

"हाक."

"किती वेळा?"

समोरच्या घरात कुणीतरी नळ सोडला. पाणी बादलीत पडायला लागलं.

"दोनदा," तो म्हणाला.

तिने मान हलवली. तिला तेवढंच हवं होतं, किंवा त्यापेक्षा जास्त ऐकवत नव्हतं. दाराची कड तिने घट्ट धरली होती.

"नऊ वर्षं मी यांच्यावर रागावले," ती म्हणाली. "रोज. मशीनवर बसल्या बसल्या. कधी मोठ्याने. शेजारच्यांना वाटायचं मी कुणाशी भांडते. एवढा राग केला मी त्यांचा. आता तो परत कसा घेऊ, ते सांगा तुम्ही."

थोरल्याने चौकटीवरचा हात काढून घेतला.

"तुमच्यावर रागवायलाही मला वेळ लागेल," ती म्हणाली. "आज नाही जमायचं. तुम्ही जा."

तो वळला. ती दार लावता लावता थांबली.

"दादा. तुम्ही मघाशी आला होतात का? घटकाभर आधी?"

"नाही."

"पायरीवर आवाज झाला. दिवसाचं काम करून आल्यावर पाय आपटून बूट काढतात ना, तसा. एक. मग दुसरा. म्हणून तर मी उठले. म्हटलं, वारा असेल."

"माझे बूट माझ्या पायात आहेत," थोरला म्हणाला.

 मग तिने दार पूर्ण उघडलं, आणि आतला उजेड पायरीवर पडला.

*

  नर्सने विचारलं, "त्याने लिहून दिलं का पुढे? कार्यालयात?"

"त्याच दिवशी. तीन पानं, प्रत्येक पानावर सही. नोकरी सोडली. साहेब चांगले होते, त्यांनी कागद वर पाठवला. वर तो अजून विचाराधीन आहे. म्हणून शिकवणीत तुम्हाला अजून जुनंच सांगतात. आणि म्हणून तुमच्यासारखी नवी तुकडी आली की मी हे सांगतो. त्यानेच सांगायला सांगितलंय. धाकटा वाट सोडून गेला नव्हता. त्याच्या भावाने दाखवली, त्या वाटेने तो गेला. एवढं लक्षात ठेवा, बाकी भूत माना, नका मानू."

"आणि पायरीवर?" चष्मेवालीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पायरीवर काय होतं?"

"गमबूट," काका म्हणाले. "एक जोडी. शेजारी शेजारी नीट ठेवलेले, टाचा भिंतीला लावून. डाव्याच्या घोट्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. ते ठिगळ तिनेच लावलेलं, तो गेला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, स्वतःच्या हातांनी. तिने ते लगेच ओळखलं. बूट काठोकाठ चिखलाने भरलेले. आणि चिखलावर शेवाळ. जाड, उशीसारखं. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जाईल एवढं."

चष्मेवाली काहीतरी मनात मोजत होती. तिचे ओठ हलत होते.

"इतकं शेवाळ यायला वर्षानुवर्षं..." ती म्हणाली आणि तिने वाक्य सोडून दिलं.

"तू शिकलेली आहेस. तुला ठाऊक," काका म्हणाले.

 बाहेर अकरा वाजून गेले होते.

"आता कुठे आहेत ते बूट?" लंबूने विचारलं.

"तिथेच. पायरीवर. ती हलवू देत नाही. तीन उन्हाळे झाले, पायरीवर दिवसभर ऊन असतं. पाणी कुणी घालत नाही." काकांनी कंदील उचलला. "शेवाळ हिरवं आहे. शेवाळाला फुलं येत नसतात. याला या मार्चमध्ये आली. पांढरी, एवढीएवढी. फक्त डाव्यात."